आठ भाकऱ्या

"पुढची ओळ अजून लिहिलीच गेलेली नाही असं समजून वाचायचं, बाई."

असं म्हणून आमच्याकडे प्रूफं तपासणारे ते गृहस्थ जुन्या पोस्टकार्डाची कापलेली पट्टी ओळीखाली धरत. ओळ वाचून झाली की पट्टी एक घर खाली. पुढचं सगळं झाकलेलं. मजकूर गोष्टीचा असो की बीजगणिताचा, ती पट्टी घाईने सरकलेली मी कधी पाहिली नाही. मालक ओरडत, "अहो, तिकडे छापखाना खोळंबलाय!" त्यावर यांचं उत्तर दोनच शब्दांचं. "मी वाचतोय." आंघोळीला बसलेल्या माणसाला बाहेरून हाका मारून जेवढा उपयोग, तेवढाच त्यांना हाका मारून.

सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं गाइडांचं दुकान होतं. प्रकाशनसंस्था म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दहावीच्या मराठीचे प्रश्न आम्हीच काढायचे, उत्तरं आम्हीच लिहायची आणि महाराष्ट्रातल्या पोरांनी ती न चावता गिळायची. उत्तरं लिहायची मी. प्रूफं तपासायचे ते. 'मुद्रितशोधक' हा चांगला शब्द मला तेव्हाही येत होता, पण मी त्यांना 'प्रूफवाले' म्हणत असे. भाजीवाले म्हणावं तसं.

आता 'मी' म्हणजे कोण, तेही सांगून टाकते. नाहीतर तुम्ही डोळ्यांपुढे उगाच एखादी गोड आजी आणाल. तेव्हाचं वय सव्वीस. एम.ए., पहिला वर्ग. खांद्याला शबनम, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि बोलताना मान थोडी तिरकी, जणू समोरचा माणूस कठड्याच्या पलीकडे उभा आहे. आणि प्रतीकांचा आजार. गोष्टीत कावळा दिसला की मृत्यू, खिडकी दिसली की स्वातंत्र्य, पाणी दिसलं की जीवन. एखाद्या पात्राला सर्दी झाली तरी मी तिच्यात समाजव्यवस्थेचं गुदमरणं शोधून काढत असे. त्या बाईचं हस्ताक्षर आज समोर आलं तर मी ते चिमट्याने उचलीन.

ते विश्रांतवाडीहून सायकलवर येत. पन्नाशीचे, शिडशिडीत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. आल्यावर छपाईचे खिळे जुळवणाऱ्या माणसाला 'जयभीम' आणि आम्हाला 'नमस्कार'. कोणता शब्द कुठे बसवायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिक्षण मॅट्रिक. हे मॅट्रिक मी स्वतःला दिवसातून दोनदा तरी ऐकवत असे. का, ते पुढे कळेलच.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. अक्षराची चूक दिसली तर लाल शाईने दुरुस्त करायची. पण अर्थाला हात लावायचा नाही, तो लेखकाचा. अर्थाबद्दल शंका आली तर समासात पेन्सिलीने प्रश्न लिहायचा आणि भोवती गोल करायचा. लेखकाने तो बघायचा, पटलं तर मजकूर बदलायचा, नाही पटलं तर सोडून द्यायचा, आणि पानाखाली 'छापावे' लिहून सही ठोकायची, की पान पुन्हा त्यांच्याकडे.

एकदा मी लिहिलं होतं, 'नायकाच्या चपलांची करकर त्याच्या दारिद्र्याची साक्ष देते.' समासात गोल आला : 'गोष्टीत हा अनवाणी आहे. चपला कुठून आणल्या?'

मी त्यांच्या टेबलापाशी गेले. "अहो, चपला इथे प्रतीक आहेत."

"बरं," ते म्हणाले. मग पट्टी सरकवत अगदी गंभीरपणे, "कितवा नंबर?"

खिळे जुळवणारा तोंड फिरवून हसला. चपला मी काढल्या, पण तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. ते वाचत होते.

मग ती गोष्ट पाठ्यपुस्तकात लागली. अडीच पानांची. भर दुपारी गावाकडून दीर अचानक येतो. आई पिठाचा डबा उपडा करून आठ भाकऱ्या थापते. गप्पा रंगतात. बोलता बोलता पाहुणा तीन भाकऱ्या खातो, वडील दोन, थोरला मुलगा दोन, धाकटा एक. 'तू कधी जेवणार?' असं पाहुणा विचारतो तेव्हा आई म्हणते, 'मी मघाशीच खाल्लं, थापता थापता.' मग सगळे लवंडतात. ती भांडी घासते, तांब्याभर पाणी पिते, पदराने तोंड पुसते आणि हसते. गोष्ट संपली.

प्रश्न : 'शेवटच्या प्रसंगातून आईचे कोणते दर्शन घडते?' गुण पाच.

माझं उत्तर लिहिताना आजही तोंडाला कडवट चव येते. 'आईचे हास्य हे कुटुंबवत्सल स्त्रीच्या तृप्तीचे प्रतीक होय. पाणी हे निर्मळ मातृत्वाचे व जीवनाचे प्रतीक होय.' असे बारा ओळी 'होय'.

प्रूफ परत आलं. समासात गोल : 'आठच होत्या. आईने कोणती खाल्ली?'

मी तणतणत गेले. "हे काय? भाकऱ्या मोजत बसायच्या का आता?"

"मोजूनच लिहिल्यात त्यांनी, बाई. आठ पहिल्या पानावर सांगितल्या. पुढे तीन, दोन, दोन, एक अशा दोन पानांत विखरून ठेवल्या. उगाच कोण ठेवेल?"

"लेखकाला काहीतरी खोल सांगायचंय. तुम्ही वरवर बघताय."

"खोल कशाला जाता? वरच ठेवलंय त्यांनी." मग म्हणाले, "आमची आईपण असंच म्हणायची. थापता थापता खाल्लं. आम्हाला खरंच वाटायचं."

मला तेव्हा कळलं नाही असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. कळलं. घरी जाऊन मी पुस्तक उघडलं आणि बोटांवर मोजलं. तीन, दोन, दोन, एक. आठ. ती बाई उपाशी होती. तिने पाण्यावर भागवलं होतं आणि मी त्या पाण्याला निर्मळ मातृत्व म्हणून बसले होते. एम.ए.ला दोन वर्षं मला वाचायला शिकवलं, आणि भाकरी दिसली मॅट्रिकला.

दुसऱ्या दिवशी मी रबर घेतलं, तो प्रश्न खोडला, 'छापावे' लिहिलं आणि झोकदार सही केली.

गाइडाची आवृत्ती दरवर्षी निघे. दरवर्षी प्रूफ येई, आणि दरवर्षी त्याच उत्तरापाशी, त्याच शब्दांत तोच गोल. तोंडाने ते अवाक्षर काढत नसत. मी दरवर्षी खोडत असे. मालकांना वाटे, आमचं फार जमतं.

चौथ्या वर्षी मात्र ते माझ्या टेबलापाशी आले. चार वर्षांत पहिल्यांदा. हातात एक उत्तरपत्रिका होती. त्यांची मुलगी दहावीला, सराव परीक्षा झालेली. पोरीने आठ भाकऱ्यांचा हिशेब मांडून लिहिलं होतं, 'आई उपाशी आहे आणि ते कुणाला कळू नये म्हणून ती हसते.' पाचपैकी शून्य. खाली तांबडा शेरा : 'भाकऱ्या मोजण्यास सांगितले नव्हते. गाइड पाहा.'

"एक ओळ घाला, बाई," ते म्हणाले. "तुमचं काही काढू नका. 'आई उपाशी राहिली, असेही दिसते,' एवढीच. नवी आवृत्ती परीक्षेआधी निघतेय. शाळेतल्या बाई म्हणतात, गाइडात दाखवा, मी गुण देते. बोर्डाचे तपासनीसही हेच गाइड पुढ्यात ठेवतात म्हणे. पोरीला अकरावी सायन्सला घालायचीय, एकेका गुणावर अडतं." मग उत्तरपत्रिकेची घडी करत, "आणि खरं लिहिलंय तिने."

ते उभे होते. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

"अहो," मी म्हटलं, "आपण प्रूफं बघा. अर्थ मी बघते."

हे वाक्य मी स्वतः बोललेय. कुठल्या गोष्टीतलं पात्र बोललं असतं तर मी त्याच्यावर पाच गुणांचा प्रश्न काढला असता.

ते "बरं" म्हणाले आणि आपल्या जागेवर गेले. आवृत्ती जशीच्या तशी निघाली.

निकाल लागला तेव्हा ते पेढे घेऊन आले. पोरगी उत्तम गुणांनी पास झाली होती, सायन्सला जागा नक्की होती. मालकांना पेढा, खिळेवाल्याला पेढा, मग मला.

"मराठीत छान मिळाले," ते म्हणाले. "ती गोष्ट आली होती पेपरात. तिला म्हटलं, तुमचंच लिही. पाठ करून घेतलं मी तिच्याकडून. पट्टी धरून. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

आणि मी काय केलं? हसले. "बघा! मी म्हणत नव्हते?" असं म्हणून दुसरा पेढा उचलला. दुसरा! लोकांना पूर्वायुष्यातले अपमान आठवून झोप येत नाही म्हणे. मला तो पेढा आठवतो.

पुढच्या वर्षी प्रूफ आलं. मी सवयीने रबर हातात घेऊनच ते पान उघडलं. समास कोरा होता. लाल शाईने एक वेलांटी तेवढी सुधारली होती. मी मनात म्हटलं, चला, सुधारले एकदाचे. ते आणखी सहा वर्षं आमच्याकडे होते. नियमाप्रमाणे आले, पट्टी धरून वाचलं, चुका काढल्या. बाकीच्या पानांवर गोलही केले. त्या उत्तरापाशी पुन्हा कधी नाही. मग ते निवृत्त झाले. मालकांनी नारळ दिला, आणि मी भाषण केलं. त्यात 'समर्पण' हा शब्द चार वेळा आला.

हे सगळं माझ्याबरोबरच सरणावर गेलं असतं. पण गेल्या वर्षी नात मोबाइल नाचवत आली. ती जुनी गोष्ट तिला कॉलेजात लागली होती. "आजी, ऐक ना, सगळ्या साइट्सवर सेम टू सेम आन्सर आहे. 'पाणी हे निर्मळ मातृत्वाचे प्रतीक होय.' ई, किती क्रिंज! कोणी लिहिलंय हे?"

"असेल कोणी मूर्ख बाई," मी म्हटलं. एवढं खरं मी बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

गाइडांचं दुकान कधीच बंद झालं होतं. मालकांच्या मुलाकडून पत्ता मिळवला आणि रिक्षाने विश्रांतवाडीला गेले. दार मुलीने उघडलं. मुलगी कसली, तीही आता निवृत्तीला आलेली, सरकारी इस्पितळात डॉक्टर. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारी त्यांचा फोटो. वरची गुंडी लावलेली.

तिने चहा केला. मी घरून पाठ करून आणलेली माफी पहिल्याच वाक्यात विसरले. कसंबसं म्हटलं, "ते उत्तर चूक होतं. तुझे वडील बरोबर होते. आणि मला तेव्हाच कळलं होतं."

"हो," ती म्हणाली. "बाबांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला कळलंय, ते. मी चिडून म्हणायचे, त्या मॅडमना अक्कलच नाही. तर म्हणायचे, तसं नाही गं. नुसतं पटलं नसतं तर पेन्सिल तशीच ठेवून सही केली असती. बाकीच्या पानांवर त्या तसंच करतात. हे एकच खोडतात, तेही कागद पातळ होईपर्यंत. ज्याला कळत नाही तो एवढं घासत नाही."

माझा चहा निवत होता. मी विचारलं, "मग विचारायचं का सोडलं त्यांनी?"

तिने कप उचलला, पुन्हा ठेवला.

"माझ्याकडून पाठ करून घेतल्यावर? म्हणाले, आता कुठल्या तोंडाने विचारू."

निघताना ती रिक्षा मिळेपर्यंत फाटकाशी माझ्याबरोबर उभी राहिली. माझा हात तिने धरला होता, म्हातारीचा धरतात तसा. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिले. चांगली दहा मिनिटं वाचल्या. त्यांतल्या एकीवरही काय लिहिलं होतं, ते मला सांगता यायचं नाही.