नजर पायावर

अनसिंगच्या बाजारात करीमचाचा रफूगर चालताना कुणाच्या तोंडाकडे पाहत नसत. मान खाली, नजर स्वतःच्या पायांवर. माझ्या वांग्यांच्या पालाशेजारी तरट टाकून ते फाटके कपडे सांधायचे. पहिल्या दिवशी मी रामराम घातला, तर मान वर झाली नाही. मी म्हटलं, माणूस भलताच शिष्ट आहे. ते बसले, सुई ओवली आणि मग म्हणाले, "रामराम बापू. चालताना मी बोलत नाई. आमच्या पिरायचा हुकूम हाय, नजर पायावर. नजर भटकली का दिल भटकते."

तरुणपणी निजामाच्या मुलखात जाऊन त्यांनी एका सूफी पिराचा हात धरला, त्याचे चेले झाले होते. त्यांची वाट नक्शबंदी. बुखाऱ्याचे मूळ पीर कापडावर नक्षी काढायचे म्हणून हे नाव, हे चाचा असं सांगत जणू ते त्यांचे चुलतेच. या वाटेत अल्लाचं नाव मनातच घ्यायचं, जीभ टाळूला लावून. "पैगंबर गुहेत लपले होते, बाहेर दुश्मन. तवा सोबत्याले त्यायनं मुक्यानं नाव घ्याले शिकोलं. मंग आमी ढोल कायले बडवावा?"

आणि नेमका त्यांचाच पोरगा युसुफ ढोलकीचा वेडा. एका कव्वालाच्या ताफ्यात शिरला. "या घरात ढोलकी नाई," चाचा म्हणाले. पोरगा ढोलकी घेऊन गेला, तो वर्षभर आलाच नाही. चाची जेवण घेऊन बाजारात यायच्या आणि रस्त्याकडे पाहत बसायच्या. मला चाचांचा रागच यायचा. गावभरचं फाटकं सांधणाऱ्याला घरचं उसवलेलं दिसू नये?

मालेगावच्या उरुसात युसुफ वाजवणार असं कळलं. मी चाचींसाठी बैलगाडी जुंपली, तर चाचाही येऊन बसले.

"तुमी काहून?" मी विचारलं.

"गर्दीतबी एकटं राहावं, हे आमची वाट शिकवते. पाहू, मले जमते का."

भर दुपारी दर्ग्याच्या मांडवात ते मागे बसले. नजर पायांवर. ढोलकी सुरू झाली आणि थोड्या वेळानं चाचांचे खांदे हलू लागले. रडताहेत वाटून मी वाकलो, तर गडी हसत होता. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा ढोलकीवर ठेका धरून होता.

"चाळीस वर्सं याच्यावर पहारा ठेवला बापू," ते म्हणाले, "अन् हाच फितूर निंघाला."

कव्वाली संपताच ते उठले. मान वर, नजर युसुफच्या तोंडावर. वाटेत दोघातिघांच्या पायांवर त्यांचा पाय पडला.

"चाल घरी," ते म्हणाले. "ढोलकीबी घे."

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. युसुफ उरुसात अजून वाजवतो. पण बाजारात रफू करायला त्याच तरटाकडे येताना त्याची मान खाली असते, नजर पायांवर. मी हाक मारत नाही. तो बसेपर्यंत थांबतो, मग रामराम घालतो.