आत्याबाईंच्या वाट्याची कलेजी

माझ्या सासूबाई हरणाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. येडशीजवळच्या आमच्या धनगरवस्तीत मेंढरू कापलं की त्याची कलेजी आधी त्यांच्या हातात यायची. बोटं फिरवून त्या सांगायच्या, "चांगली हाय," नाहीतर, "फेका ही." मग ती निखाऱ्यावर भाजून पुरुषांपुढं ठेवायच्या. चाळीस वर्षं भाजली, पण एक तुकडा कधी तोंडात टाकला नाही. बायकांना नंतर रस्सा. मला याचा भारी राग यायचा, पण नव्या सुनेचं ऐकतंय कोण!

एकसष्ट साली त्यांना जेवण जाईना. छोट्या आगगाडीनं कुर्डुवाडी गाठली, तिथून सोलापूर. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून कागदावर चित्र काढून त्यांनी मलाच समजावलं. कॅन्सर जठरातला. जठरातलं रक्त यकृतात जातं, त्याबरोबर कॅन्सरचे कण जाऊन तिथं रुजले. हा दुसरा आजार नाही, तोच पसरलाय. आता कापून निघणार नाही. दोन-तीन महिने.

सासरे धुळाप्पा म्हणाले, "तिला सांगायचं न्हाय. सूज हाय म्हनायचं." वर मेंढरं विकून मुंबईला न्यायचं ठरवलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला जवळ बसवलं. "सीते, बरगडीखाली गाठी लागत्यात. खरं सांग. न्हायतर हे मला मुंबईला नेतील आन परक्या मुलखात जीव जाईल माझा."

मी घाबरत घाबरत कागद काढला. त्यांनी चित्रावर बोट फिरवलं.

"म्हंजी रोग पोटाचा, आन बी कलेजीत पडलं. हराळीवानी. दुसऱ्या वावरात उगवली तरी हराळीच."

"व्हय, आत्याबाई." मला रडू फुटलं.

"रडतीस काय? जलमभर कलेज्या पारखल्या, माझीच कळंना व्हय मला!"

त्यांनी सासऱ्यांना हाक मारली. "मुंबई न्हाय आन मेंढरं इकायची न्हाईत. एक कापा. समदी भावकी बोलवा."

दोन महिन्यांनी आत्याबाई घरातच, आपल्या माणसांत गेल्या. पण मेंढरू कापलं त्या दिवशी अंगणात ढोल घुमत होता आणि त्या चुलीपाशी ऐटीत बसल्या होत्या. कलेजी हातात घेतली, म्हणाल्या, "चांगली हाय." भाजली. सासऱ्यांनी सवयीनं हात पुढं केला.

आत्याबाईंनी ताटली मागं ओढली. "आज ही माझी."

ढोल थांबला. सासरे खजील होऊन म्हणाले, "आदी का बोलली न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?"

सासरे उठले आणि स्वतः मीठ घेऊन आले. आत्याबाईंनी एक लहानसा तुकडा डोळे मिटून सावकाश चावला.

"अगं बया! चाळीस वर्सं लई चांगली भाजत व्हते की मी!"

सगळं अंगण हसलं. सासऱ्यांना तर हसता हसता रडू आलं. दुसरा तुकडा आत्याबाईंनी साऱ्या पुरुषांदेखत माझ्या तोंडात घातला. कलेजी इतकी गोड लागते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.