गुळाच्या पुडीतली बातमी

मी एकदा शिळी बातमी ताजी म्हणून वाचली आणि अख्ख्या आळीची एदलाबादची जत्रा बुडवली. धरणगावाजवळच्या त्या गावात सून होऊन आले तेव्हा चौथी पास होते आणि बायकांत वाचता येणारी मी एकटीच. एवढ्यावर माझं नाक वर. गुळाच्या पुडीचा कागद मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचला: एदलाबादेत पटकीची साथ, जत्रेला जाऊ नये. झालं. गाड्या जुंपायच्या राहिल्या. शेजारच्या म्हातारीचा, जिला सगळे मोठी आई म्हणत तिचा, नातवाच्या वजनाइतका गूळ मुक्ताईला वाहायचा नवस होता. तोही राहिला.

जत्रा सरल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, कागद उलटून पाहिला. मागच्या बाजूला ज्या साहेबाच्या स्वागताची बातमी होती, तो बदलून जाऊन दोन वर्षं झाली होती. तारखेचा कोपरा वाण्याकडेच फाटून राहिलेला. मोठी आई सांगत फिरली, "पोऱ्या वाढस, तसा गूळबी वाढस." मी पेपर उघडला की बायका उठून जायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात नदीपलीकडच्या वस्तीवर खरीच पटकी आली. जळगावच्या साप्ताहिकात कापसाचा भाव होता, साहेबाचा दौरा होता, वस्तीबद्दल एक ओळ नाही. गावात सांगावं तर, "वहिनी, हा कोणत्या सालचा पेपर?"

मग मी स्वतःच नदी ओलांडली. दारोदार विचारलं: कोण आजारी, कधीपासून, पाणी कुठलं. सगळे एकाच उथळ विहिरीचं पाणी पीत होते. त्याच साप्ताहिकाला धाडायच्या पोस्टकार्डावर आधी तारीख घातली, चांगली ठळक, मग वस्तीचं नाव, मग बाकीचं. आबांनी ते दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाले, "टाक."

पुढच्या अंकात चार ओळी आल्या. त्याच आठवड्यात जळगावहून डॉक्टर आला, विहिरीत लाल औषध पडलं, आणि हळूहळू नवं कुणी आजारी पडेनासं झालं. त्या चार ओळींचा कागद अजून माझ्या पेटीत आहे. त्यात कुणाला मीठसुद्धा बांधू दिलं नाही.

अंक आला त्या दुपारी मी मुद्दाम ओट्यावर बसून तो वाचत होते. मोठी आई आली, माझ्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "तू मन्हा नवस बुडाडा, ते ध्यानमा शे. पण आते पेपर वाचशी तवय माले बलाव. अन तारीख पहिले वाच."