साखळीच्या चुलीचं गाऱ्हाणं

शंभू घाडी काही संत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मेलेल्याविषयी गोडच बोलावं म्हणतात, ते मला जमत नाही. तोंडाचा फटकळ, हट्टी, आणि स्वतःच्या आवाजाचा असा गर्व की विचारू नका. माशांचं हुमण, म्हणजे आमटी, खारट झाली तर म्हणणार, "आज मीठच वायट आसा." पण आवाज होता, खरंच होता. देवासमोर उभा राहून बोलायला लागला की अंगावर काटा यायचा.

मी सुलोचना, पाळी गावची. नवरा खाणीवरचा ट्रक चालवायचा, त्या ट्रकनेच त्याला नेलं. तेव्हापासून साखळी गावातल्या 'सुमंगला' हॉटेलात मासळी साफ करते, नारळाचं वाटप वाटते. चुलीच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला शंभू. नवऱ्याशी संसार केला त्याच्या कितीतरी पट वर्षं मी ह्या माणसाशी भांडले.

शंभू मूळचा दोडामार्गाकडचा. गोवा मुक्त झाला, मागाहून खाणींना जोर आला, तसा तोही ट्रकवर क्लीनर म्हणून आला. आणि मेल्याला गाडी लागायची! ओकणारा क्लीनर कोण ठेवणार? ड्रायव्हरने त्याला बसस्टँडामागच्या खानावळीत आणून सोडला, म्हणाला, "ह्याला भांडी घासायला घ्या." खानावळ मधुकर पेडणेकरांची. आम्ही त्यांना मधूबाब म्हणायचो. चार बाकडी, एक चूल, आणि बायकोचं नाव पाटीवर. सकाळी पदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव आणि पातळ भाजी, दुपारी उकडा भात आणि हुमण. ट्रकवाल्यांची रांग लागायची.

आता गाऱ्हाण्याचं सांगते. आमच्याकडे नव्या जागेत काही मांडायचं तर आधी तिथल्या राखणदार देवाला नारळ-विडा ठेवतात. एक जण मोठ्याने देवाला सगळं सांगतो, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. 'व्हय' म्हटलं की संपलं. जागेने ऐकलं, आता शब्द फिरवायचा नाही. शंभूच्या घराण्याकडे गावात हाच मान होता. मधूबाबांना ते कळलं आणि भांडी घासणारा शंभू एका दिवसात मोठा झाला.

डिचोलीला दुसरं हॉटेल काढलं तेव्हा शंभूने साखळीच्या चुलीतला विस्तव घमेल्यात घेतला आणि ट्रकच्या मागे बसून, वाटभर ओकत, डिचोलीला नेला. त्याच निखाऱ्यांनी तिथली चूल पेटली. मग म्हापसा, मग पेडणे. दर वेळी गाऱ्हाणं साखळीपासून सुरू व्हायचं, "साखळेच्या चुलीर तू नजर ठेवलंस, डिचोलेच्या चुलीर ठेवलंस," असं करत करत नव्या जागेवर यायचं. एक हॉटेल वाढलं की गाऱ्हाण्यात एक चूल वाढायची. पुढे कंपनीने गुळगुळीत कागदावर आपला इतिहास छापला, त्यात झुंबरांचे फोटो आहेत, चुलीचा एकही नाही. आमचा इतिहास शंभूच्या तोंडात होता.

म्हापशाची इमारत पाडायची ठरली तेव्हा तिथली चूल बंद करावी लागली. मधूबाब स्वतः गेले. शंभूने देवाची परवानगी मागितली, सगळ्यांनी 'व्हय' म्हटलं आणि मधूबाबांनी आपल्या हाताने चुलीत पाणी ओतलं. डोळे पुसत म्हणाले, "पेटवताना मालक पुढे असतो ना? मग विझवताना पण त्यानेच पुढे व्हावं. नोकराकरवी विझवायची नाही." आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. त्यांचा मुलगा कृष्णनाथ तेव्हा शाळेत जात होता. शंभूचं बोट धरून तोही ऐकत होता.

कृष्णनाथ मुंबईला हॉटेलचं शिक्षण घेऊन आला. मधूबाब गेल्यावर त्याने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, पणजीत लॉज काढलं. माणूस वाईट नाही हो. आम्हाला प्रॉव्हिडंट फंड त्यानेच दिला. पण खाणी बंद पडल्या आणि सगळं फिरलं. ट्रक जिथल्या तिथे उभे राहिले, टायरांत गवत वाढलं. साखळीच्या बाकड्यांवर दुपारी माश्या बसायच्या. डिचोलीची, पणजीची कमाई आमच्यावर जाऊ लागली. तिकडे पेडण्यात विमानतळ येणार म्हणून जमिनींना सोन्याचा भाव आला. कृष्णनाथने मुंबईचे भागीदार घेतले आणि कोरगावला काजूच्या बागेत मोठं रिसॉर्ट बांधायला काढलं.

उद्घाटन दोन दिवसांवर आलं होतं. मी बांगडे साफ करत होते. कृष्णनाथ मागच्या दाराने आत आला, बूट बाहेर काढून. शंभूसमोर पाटावर बसला. लहानपणी असाच बसायचा.

"शंभूमामा, भागीदारांची अट आहे," तो म्हणाला. "तोट्यातली शाखा ठेवायची नाही. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून साखळी बंद."

माझ्या हातातला बांगडा हातातच राहिला.

"तुला मी सोडणार नाही," कृष्णनाथ घाईने म्हणाला. "कोरगावला तुला खोली देतो. आयुष्यभर. काम केलंस तर केलंस."

"आणि ह्यांका?" शंभूने माझ्याकडे, भांड्यांपाशी बसलेल्या जानकीकडे, भट्टीवरच्या महादेवाकडे हात केला.

"हिशेब चुकता करीन. जास्तच देईन. पण सगळ्यांना कुठे घेऊ?" कृष्णनाथ जमिनीकडे बघत बोलत होता. "आणि एक. परवा गाऱ्हाणं तूच घालायचं. गवंडी, माळी, सगळे अडून बसले आहेत, नारळ ठेवल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही. पण साखळीचं नाव घेऊ नको. भागीदार समोर असतील. नसता विषय नको. कोरगावपासून सुरू कर."

शंभू बराच वेळ चुलीतली लाकडं पुढे-मागे करत राहिला. मला वाटलं, आता हा तोंड उघडणार आणि मालकाच्या सात पिढ्या काढणार.

"बरा," शंभू म्हणाला.

बरा! कृष्णनाथ गेला तशी मी सुरी आपटली. "खोली मिळाली म्हणून विकला गेलास रे घाड्या? आम्ही काय करायचं? ह्या वयात कुणाच्या दारात उभं राहायचं? महादेवाची पोर कॉलेजात आहे!"

"गे, तू गप ऱ्हव."

"नाही राहत! देवाला फसवणार तू? जिथून विस्तव नेलास त्या चुलीचं नाव गिळणार?"

"माका जाऊक दुसरा घर खय आसा?" तो एकदम ओरडला. "गावात भावांनी वाटणी करून घेतली. माजी खोली ह्या चुलीमागे. चूल गेली तर मी खय जाव?" आवाज फाटला त्याचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला राग यायचा तो आलाच, पण मी सुरी उचलून पुन्हा बांगड्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी वाढप आटोपल्यावर मी मागे गेले तर विहिरीपाशी तो गाऱ्हाण्याचा सराव करत होता. आयुष्यात कधी सराव न केलेला माणूस. "बा राखणदारा, आज कोरगावच्या ह्या जाग्यार..." म्हणायचा आणि अडायचा. पुन्हा सुरू करायचा, पुन्हा तिथेच अडायचा. माझी चाहूल लागली तसा विहिरीत थुंकला. विहिरीत कोणी थुंकतं का? त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

कोरगावला आम्हाला टेम्पोने नेलं. सगळ्या हॉटेलांतली माणसं आली होती. पांढरी इमारत, निळा तलाव, आणि कुंपणाला लागून एका जुन्या काजूखाली राखणदाराचा दगड. भागीदार कोट घालून घामाघूम उभे. पहिल्या खुर्चीवर मधूबाबांच्या पत्नी, सुमंगलाबाय. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. आम्ही साखळीची माणसं मागे होतो. कृष्णनाथ सारखा शंभूकडे बघत होता.

शंभूने नारळ ठेवला, विडा ठेवला, उदबत्ती लावली. हात जोडले. आणि नुसता दगडाकडे बघत राहिला.

भागीदारांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. कृष्णनाथ दबक्या आवाजात म्हणाला, "मामा, सुरू कर."

"बा राखणदारा म्हाराजा," शंभूचा आवाज चढला, "आज तुज्या जाग्यार तुजी लेकरां जमली आसत."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"ह्या कोरगावच्या जाग्यार..." तो थांबला. विहिरीपाशी थांबायचा तिथेच. त्याने डोळे मिटले, उघडले. "कोरगावचा मागसून सांगतंय. आदी साखळेच्या चुलीचा सांगतंय."

कृष्णनाथचा चेहरा पांढरा पडला.

"त्या चुलीन किती ट्रकवाल्यांची पोटां भरली. त्याच चुलीचो विस्तव डिचोलेक गेलो, म्हापशाक गेलो, पेडण्याक गेलो."

"व्हय म्हाराजा!"

"ती चूल उद्या बंद करूचा ठरला हा."

एकही आवाज उठला नाही. डिचोलीची माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली. सुमंगलाबायनी मान मुलाकडे वळवली. भागीदार हसऱ्या तोंडाने इकडे-तिकडे बघत होते, त्यांना वाटलं असेल पूजेचाच भाग आहे.

"ठरला हा, म्हाराजा," शंभू पुन्हा म्हणाला. "तुका सांगल्याशिवाय कसा जातला?"

'व्हय' आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. शंभू हात जोडून तसाच उभा. माळी, गवंडी, वाढपी, सगळे मुके. चूल बंद करणारा मालक, तेव्हा आता 'व्हय' एकट्या त्यालाच म्हणायचं होतं. त्याने 'व्हय' म्हटलं असतं तर आमच्या अन्नावर तिथेच माती पडली असती. त्याचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. मी मनातल्या मनात पाळीच्या देवापासून सगळ्यांना नवस बोलले.

शंभूने मागे वळून कृष्णनाथकडे पाहिलं. रागाने बघेल असं मला वाटलं होतं. पण लहानपणी कृष्णनाथ जेवायचा नाही तेव्हा शंभू बघायचा, तसा बघत होता.

"बरा," शंभू देवाकडे वळून म्हणाला. "ह्यो पोरगो आज बोलूक शकना नाय. तेका सांभाळून घे. पण उद्या सकाळी तो स्वतः साखळेक येतलो. पाणी वतूचा आसला तर बापाशीसारख्या आपल्या हातान वतीत. दुसऱ्याक सांगूचो नाय."

सगळे कृष्णनाथकडे बघत होते.

"व्हय... व्हय म्हाराजा," तो म्हणाला. एकटाच म्हणाला.

मग शंभूने कोरगावचं गाऱ्हाणं घातलं. मन लावून घातलं, काही राखून ठेवलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं भलं कर म्हणाला, भागीदारांचंसुद्धा. परतताना टेम्पोत त्याला दोनदा ओकारी आली. मी पाठ चोळली. "खोली गेली तुझी," मी म्हणाले. "जावंदे गे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शंभूने नेहमीसारखी चूल पेटवली. वर भाताचं मोठं भांडं ठेवलं, रिकामंच. "पाणी घालू?" मी विचारलं. "हात लावू नको," तो म्हणाला. रिकामं भांडं तापायला लागलं. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. जानकी आधीच रडत होती, महादेव तिच्यावर खेकसत होता. पदेर उंडे टाकून गेला, त्यांना कोणी हात लावला नाही.

कृष्णनाथ आला. बूट बाहेर काढले. रात्रभर झोपला नसावा, डोळे लाल होते. विहिरीवर गेला, स्वतः कळशी भरून आणली, खांद्यावरचा शर्ट सगळा भिजला. चुलीसमोर येऊन उभा राहिला. जाळ चांगला भडकला होता.

"मामा, माझा इलाज नाही रे," तो म्हणाला.

शंभू उठला. बाजूला सरला, जागा करून दिली. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

कृष्णनाथने कळशी कलती केली. पाण्याची पहिली धार चुलीच्या तोंडाशी पडली. चर्र आवाज झाला, राख उडाली. माझा जीव गेला असं वाटलं. आणि त्याचा हात थांबला. कळशी तशीच धरून तो उभा राहिला, हाताच्या शिरा ताठ झाल्या. मग त्याने कळशी वर उचलली आणि सगळं पाणी वरच्या भांड्यात ओतलं. रिकामी कळशी खाली ठेवली आणि तोंड हातांत धरून मटकन पाटावर बसला.

जानकी मोठ्याने रडायला लागली. माझंही तेच झालं, लपवू कशाला? पुढे काय होणार, भागीदार काय म्हणणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीची पाटी भागीदार महिनाभरात काढून घेऊन गेले, साखळी कंपनीतून बाहेर पडली, सुमंगलाबायनी ती आपल्या नावावर घेतली, हे सगळं नंतरचं.

शंभूने फुंकणी घेऊन विझायला आलेली कड फुंकली, जाळ पुन्हा धरला. मग कृष्णनाथकडे बघून खेकसला, "आता बसलंस कित्या? तांदूळ धू."

मालकाने तांदूळ धुतले. पाणी फार झालं होतं, भाताची पेज झाली. सगळ्यांनी ती खाल्ली.