मावशीने ओ दिली

शाळेत मी विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्याने हसणारी मीच... तेव्हा हे वाचून कुणी हसलं, तर माझी तक्रार नाही.

माझं माहेर जळगाव, सासर धुळे. एकोणीसशे नव्वदच्या आसपासची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी विस्तवावर घास ठेवून पितरांना हाक मारतात, जेवायला बोलावतात. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, पायाळू जन्मल्या. मायलेकींना वाचवलं एका गोऱ्या डॉक्टरणीने. अक्कांच्या आईला बहीण नव्हती, तिने या डॉक्टरणीलाच बहीण मानलं. "एकदा तिच्या जागेवर जाऊन घास ठेव," हे आईचं शेवटचं सांगणं. अक्कांचे गुडघे पार गेलेले. यंदा नाही तर कधीच नाही, म्हणून भर दुपारी आम्ही दोघी गोऱ्यांच्या जुन्या कब्रस्तानात!

कलेक्टरसाहेबाचा संगमरवरी क्रॉस लगेच दिसला. रेल्वेच्या इंजिनिअरचं थडगं तर आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठं. डॉक्टरीण मात्र कुठेच नाही. अक्का रडकुंडीला आल्या.

"कोठे शे वं ती? मना पाय थकनात."

"इथेच ठेवा घास," मी म्हटलं. "आणि 'डॉक्टर मॅडम' म्हणा, मोठी बाई होती."

त्यांनी गोवरी पेटवली, सांजोरीचा तुकडा ठेवला. "डॉक्टर मॅडम, जेवाले या!" काही नाही. पुन्हा हाक... काहीच नाही. अक्का माझ्यावरच उखडल्या.

"मॅडम काय वं? मनी मायनी बहीन शे ती!" आणि खणखणीत आवाजात — "मावशी वं, जेवाले ये!"

"येस वं माय, येस!"

तिथल्या कडुलिंबामागून. बाईचा आवाज, हसरा, आणि चक्क अहिराणी... 'येते गं बाई, येते'! मी धावले. कोणी नव्हतं. गवत बाजूला केलं तर छोटासा दगड... इंग्रजीत एका बाईचं नाव, पुढे 'डॉक्टर'.

अक्का तिथेच बसल्या आणि डोळे पुसत हसायलाच लागल्या. मलाही हसू आवरेना. इतका आनंद झाला की मी आपणहून डोक्यावर पदर घेतला. सासूची मावशी म्हणजे माझी आजेसासूच की!

निघताना फाटकाशी चौकीदाराने विचारलं, "अक्का, फाटकना मझार दोन जनी गयात. मंग तिसरी कोन हासत व्हती?"

"मनी मावशी!" अक्का ऐटीत म्हणाल्या.

वर्गात प्रतिध्वनी शिकवताना मी अजून अडखळते. प्रतिध्वनी आपलीच हाक परत करतो, ओ देत नाही. अक्कांना पुढे कितीदा तरी विचारलं. त्यांचं एकच — "जेवाले बलाई, ती उनी. त्यामा काय?"

जेवायला बोलावलं, ती आली... हल्ली मीही एवढंच म्हणते.