ड्रायव्हरची जागा

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तरी ह्यांच्या उजव्या मनगटावरच्या भाजल्याच्या खुणेबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती एकाहत्तरच्या लढाईतली आहे. हे रणगाड्यावर गनर होते, तोफ चालवणारे. सासूबाईंनी लग्नाआधीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तो विषय आपण काढायचा नाही." मी कधी काढला नाही.

फौज सोडल्यावर हे अंधेरी पूर्वेला औषधांच्या एका कारखान्यात सिक्युरिटीवर लागले. आमची खोलीही तिथून जवळच. कारखान्याच्या मागे एक फिल्म स्टुडिओ होता, आणि ऐंशीच्या दशकातल्या एका वर्षी तिथे लढाईच्या एका सिनेमासाठी रणगाडा तयार होत होता. खरा मिळणार नव्हता, म्हणून जुन्या ट्रकवर लाकडाचा. ते काम बघणाऱ्या कलादिग्दर्शकाला कुणीतरी ह्यांच्याबद्दल सांगितलं. तो भला माणूस होता. गेटवर येऊन म्हणाला, "साहेब, माझ्याकडे नुसते बाहेरून काढलेले फोटो आहेत. आत काय असतं ते तुम्ही सांगाल का?"

हे नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. पण संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "रविवारी जरा स्टुडिओत जाऊन येतो."

मग दर रविवारी जायला लागले. दुपारी मी डबा घेऊन जायची. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये रणगाडा उभा राहत होता. चाकांच्या जागी तेलाच्या पिंपांची झाकणं, पट्ट्यांना जुन्या टायरचे कापलेले तुकडे, तोफेची नळी म्हणून सिमेंटचा पाइप. सुतार ठोकाठोकी करत असायचे आणि हे मधे उभे राहून सांगायचे, तोफेच्या शेजारी मशीनगनसाठी भोक ठेवा, धूर सोडायच्या नळ्या इथे बाहेरच्या अंगाला. घरी दहा वाक्यं न बोलणारा माणूस तिथे हात हलवून बोलत होता. मला बरं वाटायचं, आणि थोडी भीतीही.

एका रविवारी सुतार जेवायला गेले होते. मी सहज विचारलं, "तुम्ही कुठे बसायचा?"

"चल, दाखवतो," म्हणाले.

मी साडी सावरत वर चढले. वरच्या फिरत्या भागाला ते टरेट म्हणत. त्याच्या झाकणातून खाली उतरलो तर आत दोन माणसं धड उभी राहतील एवढीही जागा नव्हती. "ही माझी जागा. इथे डोळ्यासमोर दुर्बीण. मागे, जरा वर, कमांडर. त्याचे गुडघे माझ्या पाठीला लागायचे. तोफेच्या पलीकडे लोडर, तो गोळा भरणार. आणि हे चाक. टरेट विजेवर फिरतो, पण वीज गेली तर हे हाताने फिरवायचं. खूप फिरवलं की नळी जराशी सरकते."

"आणि ड्रायव्हर?"

 ह्यांनी खाली पुढच्या बाजूला बोट दाखवलं. "तो तिथे. एकटा. त्याचं झाकण वेगळं असतं. तोफेची नळी बरोबर त्याच्यावर आली की ते उघडत नाही."

 त्यांनी रंग न दिलेल्या त्या लाकडी चाकावर हात ठेवला आणि सांगायला लागले, अगदी हळू आवाजात. गोळा लागला तेव्हा वीज गेली. कानातला फोन बंद पडला. नळी नेमकी ड्रायव्हरच्या झाकणावर होती. आतून मागे यायची वाट असते, तीही टरेट अर्धवट फिरलेला असल्यामुळे बंद. कमांडर आणि लोडर वरून बाहेर पडले. हे मात्र आतच चाक फिरवत राहिले. धूर भरला. खालून झाकणावर ठोकल्याचा आवाज येत होता. चाक तापलं, मनगट भाजलं, तरी फिरवत होते. कमांडरने कॉलर धरून ह्यांना वर ओढलं.

"नळी सरकली होती," हे म्हणाले. "थोडी सरकली होती. पुरेशी नाही."

मी त्यांचा हात हातात घेतला. दुसरं काय करणार? थोड्या वेळाने विचारलं, "त्याच्या घरी कोण आहे?"

"वडील आहेत. मुलुंडला राहतात. गिरणीत होते. तो पत्ता पाठ आहे माझा."

"आपण जाऊ या का?"

"काय सांगू त्यांना?"

"जे मला सांगितलंत ते. नाही जमलं तर नुसते बसून येऊ."

पुढच्या सुट्टीला आम्ही मुलुंडला गेलो. रेल्वेलाइनजवळच्या चाळीत म्हाताऱ्याची खोली होती. भिंतीवर गणवेशातल्या मुलाचा फोटो, ताजा हार. हे दारातच म्हणाले, "मी त्याच्याच रणगाड्यावर होतो." म्हाताऱ्याने चटई अंथरली, शेजारणीला चहा टाकायला सांगितला.  हे तोंड उघडत आणि मिटत होते. शेवटी म्हाताऱ्यानेच विचारलं,

"तेका आत बसाक जागा पुरत होती काय रे? उंच होतो माझो झील."

 हे खाली सरकले, पाय पुढे पसरले आणि मागे रेलून दाखवू लागले. "असा बसायचा, बाबा. दोन हातांत दोन दांडे. पाय मावायचे नाहीत म्हणून कुरकुर करायचा. पण चालवायचा झकास."

म्हातारा टक लावून बघत होता. मग म्हणाला, "माका काय असा समजना नाय रे."

हे माझ्याकडे वळले. मला त्यांच्या मनात काय आलं ते कळलं आणि मी मान हलवली.

रणगाड्याचं काम संपत आलं होतं. सिनेमात तो पेटवणार होते, त्यामुळे वेळ थोडा होता. बाबांना मुलाची जागा दाखवायला आणू का, असं कलादिग्दर्शकाला विचारलं तर तो लगेच म्हणाला, "आणा ना त्यांना. त्या दिवशी काम बंद ठेवतो."

बाबा धुतलेलं धोतर आणि काळी टोपी घालून आले. हिरवा रंग नुकताच वाळला होता. त्यांनी आधी रणगाड्याभोवती एक फेरी मारली, पट्ट्यांवरून हात फिरवला. मग सुतारांनी आणि ह्यांनी धरून त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर उतरवलं. फक्त टोपी आणि कपाळ दिसत होतं. वर, जरा बाजूला, तोफेची नळी होती. हे झाकणाशी उकिडवे बसले आणि तिथेच सगळं सांगितलं. वीज गेल्याचं, नळीचं, ठोकल्याच्या आवाजाचं. काहीही गाळलं नाही. मी खाली उभी राहून ऐकत होते आणि बाबांना हे सहन होईल की नाही ह्याचाच विचार करत होते.

 मग आतून बाबांचा प्रश्न आला.

"तू चाक फिरवत होतंस मा?"

"हो, बाबा."

"तेका म्हायत असतला?"

"बाहेर बघायच्या काचेतून त्याला नळी हलताना दिसली असणार. डोक्यावरच होती."

"इतकी वर्सां माका वाटत होता, तो थंय एकटोच होतो," बाबा म्हणाले.

हे झाकणात हात घालून रडले. बाबांनी आतून त्यांचा हात धरून ठेवला होता. शेडमधले सुतार हळूच बाहेर निघून गेले.

रणगाडा ठरल्याप्रमाणे शूटिंगला गेला. ह्यांना बोलावलं होतं, ते गेले नाहीत. पुढे सिनेमा लागला तेव्हाही आम्ही बघितला नाही. पण बाबा आमच्या घरी येऊ लागले, आणि हे मुलुंडला. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बाबा आमच्याकडेच राहिले. त्यांना कुळथाची पिठी लागायची, ती मी त्यांच्याकडूनच शिकले.

तेव्हाची एक दुपार मला आठवते. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर हे सांगत होते की त्यांच्या ड्रायव्हरने एकदा फौजेच्या लंगरमधून कांदे पळवले आणि ते रणगाड्यात असे लपवले की पुढे आठवडाभर आत वासाने बसवेना. बाबा म्हणाले, "लहानपणापासून तसोच होतो." मग दोघंही हसायला लागले. मी गॅस बारीक केला आणि दारात जाऊन उभी राहिले.