विहिरीवर तपासलेली वेबसाईट

"शेठ, हे तुमचं दुकान हाय का मुंग्यांचं वारूळ?"

सुमनताई अशा ओरडल्या, की आळेफाट्यावरून नाशिकला निघालेली एसटी हॉर्न समजून बाजूला झाली असावी. ताई डिंगोऱ्याच्या. हातातला मोबाईल त्यांनी विहिरीवरच्या मोटारींचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या मोहनशेठच्या नाकाला लावला होता. स्क्रीनवर शेठच्या दुकानाची, मी बनवलेली वेबसाईट होती. मी शेजारीच बसलेलो, घोडेगावहून मुद्दाम कौतुक ऐकायला आलेलो.

झालं होतं असं. ताईंच्या विहिरीवरच्या स्टार्टरची कॉइल सकाळी जळाली. मोटार बंद. दोन एकर टोमॅटो ऐन फुलोऱ्यात आणि ऊन असं की कावळेसुद्धा चपला शोधत होते. शेतीची लाईट चारला जाणार. कॉइल शेठकडं आहे का, ते त्यांनी मोबाईलवर बघितलं. माझा तक्ता मोठ्या स्क्रीनसाठी आखलेला, मोबाईलवर अक्षरं मुंग्यांएवढी. 'माल आहे' हा रकाना पार उजवीकडं, मोबाईलच्या बाहेर, जवळजवळ नगर जिल्ह्यात. तो दिसलाच नाही म्हणून ताई नारायणगावला गेल्या, आणि तिथल्या दुकानदारानं त्यांना पुन्हा शेठकडंच धाडलं.

शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ माझ्यापेक्षा अस्सल जुन्नरी बोलतात. त्यांचा एक नियम आहे. वस्तू विहिरीवर चालताना स्वतः बघितल्याशिवाय ती विकली म्हणायचं नाही. त्यांनी कॉइल उचलली, पान्हे उचलले आणि मला म्हणाले, "चला राव. तुमचाबी माल विहिरीवर बघू."

साडेतीनला पोचलो. पासष्टीचा माणूस, अंगात पांढरा शर्ट, पण कॉइल बसवली दहा मिनिटांत, शर्टाला डाग न लावता. मी नुसते स्क्रू धरले तर कोपरापर्यंत काळा झालो. पाण्याची धार अशी सुटली, की मी मनातल्या मनात शेठला दंडवत घातला.

मग शेठ म्हणाले, "आता उघडा तुमचं."

बोटाला ग्रीस, उन्हात स्क्रीन काळी, रेंजची एकच काडी. पान उघडेपर्यंत फुलाचा टोमॅटो होऊन त्याचा सॉस झाला असता. उघडलं, तर फोन नंबर सापडेना. मी बनवलेल्या वेबसाईटवर, मलाच.

"कम्प्युटरवर फार देखणी दिसते," मी म्हणालो.

"कम्प्युटर कुठं ठिवू, बांधावर?" शेठचा आवाज जराही चढला नाही. "आठ दिवसांत हितं चालली, तर वर्षाचं काम तुमचं. न्हाईतर जय जिनेंद्र."

माझ्याकडं तेव्हा दुसरं धड काम नव्हतं. मी घाम गाळला. आमच्या धंद्यात 'रिस्पॉन्सिव्ह' म्हणतात ते असं: पान स्क्रीनची रुंदी बघून स्वतःला आवरून बसतं. जुन्नरच्या जीपमध्ये चौथा पावणा चढला की तिघं अंग चोरतात, तसं. तक्ता मोडला. एकाखाली एक मोठे फोटो, प्रत्येकाखाली मी त्या वस्तूला दिलेला नंबर आणि माल आहे की नाही ते ठसठशीत. फोटोवर बोट ठेवलं की थेट शेठना फोन. दुकान गरगर फिरवणारा माझा लाडका व्हिडिओ काढून टाकताना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. रोज दुपारी ताईंच्या विहिरीवर जायचं, बोटाला ग्रीस फासायचं आणि तपासायचं. ताईंच्या सासऱ्यांनी मला वीज मंडळाचा माणूस समजून लाईटच्या वेळेवरून दोनदा झापलं. तेही ऐकून घेतलं.

आठव्या दिवशी दुकानात असताना शेठचा फोन वाजला. पलीकडं ताई होत्या. चौदा नंबरचा वॉशर पाहिजे, एवढंच बोलल्या. हे नंबर माझ्या फोटोंखाली सोडून जगात कुठंच नव्हते. शेठनी माझ्याकडं बघून एकदाच मान हलवली. वर्षाचं काम माझं झालं.

तेव्हापासून नवी वेबसाईट मी आधी उन्हात उघडतो, मग ऑफिसात. गिऱ्हाईक उन्हातच उभं असतं.

त्या दिवशी वॉशर घेऊन शेठ नियमाप्रमाणं विहिरीवर निघाले, मीही गेलो. तिथं छाती फुगवून मी ताईंना विचारलं, नवी वेबसाईट कशी वाटली?

"कुठली वेबसाईट?" ताई म्हणाल्या. "फोटूवर बोट ठिवलं, शेठ बोलले."